मागच्या माणसाला ऐकू येतंय का?

आमच्या घराला एक खोड आहे. मी स्वयंपाकघरातून काही ओरडून सांगितलं की बाहेरच्या खोलीतून उत्तर येत नाही, हातरुमाल हलतो. रुमाल हलला म्हणजे ऐकू आलं. नुसता हात वर झाला तर ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. आमचे हे बहुतेक वेळा हातच वर करतात, विशेषतः दळण आणायचं असलं की. मुलांना वाटतं ही आईची टूम. माझ्या डोक्यातून निघालेली एकही गोष्ट ह्या घरात महिनाभराच्या वर टिकलेली नाही, तेव्हा ही माझी असणं शक्यच नाही. ही भाऊसाहेबांची.

सरकारी ऑफिसात कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे आमच्या मजल्यावर भाऊसाहेब अशी हाक मारली की निदान चौघांनी तरी मान वर करायला हवी. पण आमच्याकडे एकच मान वर व्हायची, आणि तीही सावकाश, उजवीकडे वळून. सभांचं सगळं काम त्यांच्याकडे. नोटीस काढायची, खुर्च्या मांडून घ्यायच्या, कोण काय बोललं ते उतरवायचं आणि इतिवृत्त करायचं. त्यांनी लिहायचं आणि शेजारच्या टेबलावर मी टाइप करायचं. माझ्या टायपिंगबद्दल काय सांगू! ‘सभेस उपस्थित’च्या जागी मी एकदा ‘सभेस उपाशी’ टाइप केलं होतं. भाऊसाहेब कागद बघून म्हणाले, “ताई, चुकीचं नाही, पण सरकारला चालणार नाही.”

माणूस दिसायला साधाच. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत छत्री, आणि खिशात चौकड्यांचा हातरुमाल. रुमाल कसला, पंचाच म्हणायचा. सभा सुरू होताना बाकीचे कारकून साहेबांच्या मागे फायली घेऊन उभे राहायचे, आणि भाऊसाहेब मात्र चालत चालत थेट शेवटच्या खुर्चीवर, दाराशी जाऊन बसायचे. तिथून विचारायचे, “साहेब, बोला बघू काहीतरी.” साहेब काहीतरी बोलायचे. ऐकू आलं तर रुमाल हलायचा. नाही आलं तर हात वर. हात खाली येईपर्यंत सभा सुरू व्हायची नाही. साहेब कुणीही असोत.

आमच्या सभागृहाचं दार आपसूक मिटायचं. भाऊसाहेबांनी त्याला अर्धा चिरा लावून ठेवला होता. चिरा म्हणजे आपला जांभ्या दगडाचा, घरं बांधतात तो. एसी बसवायला आलेला माणूस कुरकुरला, “काका, थंडावा सगळा बाहेर जातोय.”

“थंडावा जाऊ दे रे बाबा. माणूस आत यायला नको?”

ह्या खुळाचं मूळ त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. त्यांचं बालपण दापोलीजवळ मुरुडला गेलं. गावाची सभा देवळात भरायची. मोठी माणसं गाभाऱ्याजवळ, आणि त्यांचे वडील अगदी शेवटी, बाहेरच्या पायरीवर. सभा संपवून वडील घरी आले की आई विचारायची, “काय ठरलं?” वडील पाय धुता धुता म्हणायचे, “ठरलं काहीतरी.”

“जन्मभर त्यांचं काहीतरीच ठरलं हो ताई,” भाऊसाहेब म्हणाले आणि माझ्या डब्यातली फणसाची भाजी चाखून म्हणाले, “मीठ राहिलंय.” राहिलंच होतं.

तर दोन हजार सालानंतर केव्हातरी आमच्याकडे व्हिडिओ कॉन्फरन्सचं मशीन आलं. आम्ही त्याला व्हीसी म्हणायला लागलो. एक मोठा टीव्ही, त्याच्या डोक्यावर घुबडासारखा कॅमेरा. सुरुवातीला त्यावर फक्त मुंबईचे मोठे साहेब दिसायचे आणि आमचे साहेब टीव्हीसमोर उभे राहून “येस सर” म्हणायचे. मग प्रयोग म्हणून एका तालुक्याच्या ऑफिसातही तसलंच मशीन बसलं. आता तिकडच्या लोकांनी सुनावणीसाठी एसटीचे धक्के खात रत्नागिरीला यायला नको, तिथेच बसून बोलायचं. सगळ्यांना आनंद झाला. भाऊसाहेब टीव्हीच्या मागे जाऊन आले.

“ह्यात मागचा माणूस कुठे बसतो?” त्यांनी मशीन बसवणाऱ्याला विचारलं.

“काका, कॅमेऱ्यात येतात तेवढे सगळे दिसतात.”

“आणि येत नाहीत ते?”

“ते... त्यांनी पुढे सरकायचं.”

“सगळे पुढे सरकले तर मागे कोण राहील?”

मशीनवाला वायर गुंडाळायला लागला.

व्हीसीवर जाहीर सभा कशी घ्यावी ह्याचे नियम तेव्हा आमच्यापर्यंत आलेले नव्हते. निदान आमच्या टेबलापर्यंत तरी नाही. म्हणून भाऊसाहेबांनी ते स्वतः केले आणि मी टाइप केले. अजून थोडे आठवतात. सभेच्या वेळी दोन्हीकडची दारं उघडी असावीत. दोन्हीकडचे पंखे बंद असावेत, कारण पंख्याचा आवाज आधी पोचतो आणि माणसाचा नंतर. चहा दोन्हीकडे एकाच वेळी द्यावा, एका बाजूने दुसऱ्या बाजूला चहा पिताना पाहणे सभेस हितकारक नाही. वीज गेल्यास सभा संपली असे न समजता थांबली असे समजावे. तिकडच्या शेवटच्या खुर्चीवर आपल्या ऑफिसचा एक माणूस बसावा. आणि सगळ्यात शेवटी, इतिवृत्त मागच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय कायम करू नये.

ऑफिसात ह्या कागदाचं हसू झालं. चहाचा नियम तर पाठ करून कँटीनमध्ये म्हटला जायचा. मीही म्हटलाय. आमचे साहेब कोल्हापूरकडचे, तरुण, मनाने मोकळे. त्यांनी कागद वाचला आणि पोट धरून हसले. “भाऊसाहेब, हे लई भारी हाय. द्या, करतो सही.” आणि केली.

पहिली मोठी सुनावणी आली ती चिरेखाणीची. त्या तालुक्यातल्या एका गावाच्या वर सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळरान. तिथे एकाला चिरे काढायची परवानगी हवी होती. सड्याच्या खालच्या अंगाला झरा, आणि सगळी वाडी त्या एका झऱ्यावर. वर कातळ फोडला तर खाली पाणी येणार की नाही, एवढाच प्रश्न. गावाला हरकत असेल तर त्यांनी सुनावणीत सांगायची. कुणी बोललं नाही, तर परवानगी द्यायची.

नियमाप्रमाणे भाऊसाहेब आदल्या दिवशीच तालुक्याला गेले. सुनावणी सुरू झाली तेव्हा ते टीव्हीत आले, कॅमेऱ्यापुढे रुमाल हलवला आणि मागे चालत जाऊन दिसेनासे झाले. कॅमेऱ्यात पुढच्या दोन रांगाच मावत होत्या. पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यातले खाणवाले, म्हणजे ज्यांना परवानगी हवी होती ते एक गृहस्थ, त्यांच्यामागे गावची माणसं, दोन-चार बायका. त्यांच्यामागे किती होती ते त्यांचं त्यांना ठाऊक.

साहेबांनी प्रस्ताव वाचला. तिकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी काही बोललं असेल तर आम्हाला नुसती घरघर ऐकू येत होती. साहेब म्हणाले, “काही हरकत दिसत नाही. मग असं करा, ज्यांची हरकत नाही त्यांनी हात वर करा.”

आणि सगळ्यांचे हात वर झाले. पुढच्या रांगेचे, मागच्या रांगेचे, बायकांचेसुद्धा. एका म्हातारीने तर दोन्ही हात वर केले. मग चित्र जागच्या जागी थिजलं आणि टीव्ही काळा झाला.

“एकमत!” साहेब म्हणाले. “बघा मॅडम, काय सोय आहे. तासाभरात काम.”

मी तसंच टाइप केलं. ‘उपस्थित सर्व ग्रामस्थांनी हात वर करून संमती दर्शविली.’ एकही चूक न करता. माझ्या नोकरीतलं ते पहिलं निर्दोष पान असावं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब छत्री खुंटीला लावून बसले आणि मी कौतुकाने ते पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“ताई, संमती कुणी दिली?”

“सगळ्यांनी. साहेबांनी विचारलं, ज्यांची हरकत नाही त्यांनी हात वर करा. केले.”

“साहेब बोलत होते तेव्हा?” ते उठून उभे राहिले. “अहो, आम्हाला तर साहेबांची नुसती मान हलताना दिसत होती. आवाज कधीचा गेलेला. मीच मागून ओरडलो, ऐकू येत नसेल त्यांनी हात वर करा. इकडे दिसू दे म्हणून.”

ते पुन्हा बसले, रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या हाताने त्यांचं पाणी गेलं.”

आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. तिथे खाणवाले आधीच येऊन चहा पीत होते. भाऊसाहेबांनी झालेलं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

“पण आवाज तर इथनं जात होता की. मशीनवाल्यानं बघितलंय.”

“आम्हाला व्यवस्थित ऐकू आलं साहेब,” खाणवाले बशी खाली ठेवत म्हणाले. “पहिल्या रांगेत होतो ना मी. भाऊसाहेबांना नसेल आलं. राग नका मानू, पण ह्यांचा डावा कान कामातून गेलाय. मुरुडला आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.”

आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांच्या डाव्या बाजूच्या टेबलावर बसून किती काय काय बोलले असेन! निम्मं बोलणं वाया गेलं, हे मला तेव्हा कळलं. उरलेलं निम्मं वाया गेलं असतं तरी फरक पडला नसता म्हणा.

भाऊसाहेबांची निवृत्ती जवळ आली होती. कान गेलेल्या माणसाकडे सभांचं काम ठेवतील का, ही भीती त्यांनी किती वर्षं खिशात रुमालाखाली ठेवली होती कोण जाणे. ते म्हणाले, “खरं आहे. डावा गेलाय, उजवाही फार शहाणा नाही. म्हणून तर मागे बसतो, साहेब. मला ऐकू आलं की सगळ्यांना आलं असं समजायला हरकत नसते.”

“मग काल तुम्हालाच आलं नसलं तर?” साहेबांनी विचारलं.

“शक्य आहे. माझं धरूच नका. गावाला विचारा. नियम आहे, इतिवृत्त मागच्या माणसाला वाचून दाखवायचं. तुमची सही आहे त्यावर.”

साहेब हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. खाणवाल्यांकडे बघत म्हणाले, “जावा. वाचून दाखवा. लोक म्हणाले संमती आहे, तर परवानगी लगेच देतो. नाही म्हणाले, तर सुनावणी पुन्हा. आणि मॅडम, तुम्ही पण जावा ह्यांच्यासंगं. तुमचे दोन्ही कान शाबूत हायत ना?”

अशी माझ्या आयुष्यातली एकमेव नेमणूक माझ्या कानांच्या गुणवत्तेवर झाली. घरी सांगितलं तर हे म्हणाले, “तुझे कान शाबूत? मग मी हाक मारतो तेव्हा कुठे जातात?”

हातखंब्याला गाडी बदलून आम्ही गेलो. सडा ओलांडताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. भाऊसाहेबांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः उन्हातून चालले, त्यामुळे मला तक्रारही करता येईना. सभा झऱ्यावरच घ्यायची असं त्यांनी निरोप धाडून ठरवलं होतं, कारण पाण्याची वेळ सोडून बायका कुठे येणार? झरा खाली, त्याच्यावर चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी थेट वाडीपर्यंत चढलेली. माणसं पायऱ्यांवर बसली. खाणवालेही मोटारसायकलवरून आले आणि झऱ्याजवळच्या दगडावर, पुन्हा पहिल्या रांगेत बसले.

“वाचा ताई,” भाऊसाहेब म्हणाले.

“मी? तुम्ही वाचायचं ना!”

“मी वाचलं तर मागे कोण बसेल?”

आणि ते पाखाडी चढत गेले, अगदी वरच्या पायरीपर्यंत. बसले. मी वाचायला लागले. घरात माझा आवाज भाट्याच्या खाडीपलीकडे जातो असा लौकिक आहे. तिथे तो समोरच्या कळशीपर्यंत जाईना. वरून भाऊसाहेबांचा हात वर.

“येत नाही. मोठ्याने!”

मी मोठ्याने वाचलं. पुन्हा हात. मग मी पदर खोचला आणि माझंच ते निर्दोष पान सगळ्या खोऱ्याला ओरडून सांगितलं. “उपस्थित सर्व ग्रामस्थांनी! हात वर करून! संमती दर्शविली!”

वर रुमाल हलला. खाली मात्र कुणी हललं नाही. मग ती दोन्ही हात वर करणारी म्हातारी कळशी खाली ठेवून पुढे आली.

“कसली संमती गो बाये?”

“खाणीची. साहेबांनी विचारलं, तुम्ही हात वर केलात.”

“तुजो सायेब काय इचारत व्हता ता आमाला आयकूच नाय आला! नुसता तोंड हलवीत व्हता, माशासारखा. ह्ये भावसायेब मागनं बोल्ले, आयकू नसंल येत तर हात वर करा. म्हनून मी दोनव केले. एक माजा, नि एक माज्या म्हाताऱ्याचा. तो घरी व्हता.”

सगळी पाखाडी हसली. खाणवाले म्हणाले, “आक्के, मला तर ऐकू आलं.”

“तुला आला?” ती त्यांच्याकडे वळली. “मंग तू कशाला हात वर केलास रे मेल्या? सायेब इचारीत व्हता गावाला. तू काय गावातला हायस?”

हसू थांबलं. एकेक जण बोलायला लागला. नाही, आम्हाला ऐकू आलं नव्हतं. नाही, आमची संमती नाही. पाणी गेलं तर आम्ही कुठे जायचं? कुणी मोठ्याने बोललं, कुणी रडवेलं होऊन बोललं. मी मांडीवर कागद ठेवून सगळं उतरवलं आणि ज्याचं त्याला वाचून दाखवलं. संपल्यावर म्हातारीने मला ओंजळीत पाणी दिलं. भाऊसाहेब खाली आले, त्यांनाही दिलं. ते प्याले आणि म्हणाले, “मीठ नाही राहिलं.” मनावरचं ओझं उतरल्याची खूण एवढीच, पण मला ती दिसली.

पुढची सुनावणी साहेबांनी व्हीसीवर घेतली नाही. बूट हातात घेऊन ते स्वतः पाखाडी उतरले, झरा बघितला, सड्यावर जाऊन उभे राहिले आणि त्या जागेला परवानगी नाकारली. खाणवाल्यांनी नंतर दुसरीकडे कुठेतरी जागा शोधली म्हणतात. मशीन पुढेही चालू राहिलं, आणि बरीच कामं त्यावर चांगली झाली. फक्त तिकडच्या शेवटच्या खुर्चीजवळ एक जादा माइक बसला आणि चहा दोन्हीकडे एकाच वेळी यायला लागला. त्यावर मग कुणी हसलं नाही.

सभांचं काम भाऊसाहेबांकडेच राहिलं. साहेब त्यांच्याशी बोलताना उजव्या बाजूला जाऊन उभे राहायचे. मी माझं टेबल उचलून त्यांच्या उजवीकडे नेलं. ते म्हणाले, “आता मात्र ऐकावं लागणार.”

निरोप समारंभाच्या दिवशी त्यांना हार घालून जबरदस्तीने पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्या एका तालुक्याच्या ऑफिसातले लोकही टीव्हीवर आले होते. ऑफिसच्या वतीने बोलायला मला उभं केलं, कारण मी टाइप केलेलं भाषण दुसऱ्या कुणाला वाचता येईना. मी माइकपाशी गेले आणि सवयीने विचारलं, “मागच्या माणसाला ऐकू येतंय का?”

सगळे हसले. भाऊसाहेबांनी वळून मागे बघितलं. दाराला चिरा होता, शेवटची खुर्ची रिकामी होती. ते उठले, हार तसाच गळ्यात ठेवून खुर्च्यांच्या मधून सावकाश चालत मागे गेले आणि त्या खुर्चीवर बसले. बसून माझ्याकडे बघत राहिले.

मी बोलायला सुरुवात केली. ओठ हलले असावेत.

मागून हात वर झाला.

मशीन, माइक सगळं त्या दिवशी अगदी ठणठणीत चालू होतं.